टेस्टर नसताना ॲम्प्लिफायरचे ईएल३४ व्हॉल्व्ह कसे तपासायचे, आणि एकच व्हॉल्व्ह लाल होत असेल तर

दादा, आधी तो ॲम्प्लिफायर बंद करा आणि हे सगळं वाचून होईपर्यंत परत लावू नका. लाल झालेली प्लेट (काचेच्या आत दिसतो तो मोठा पत्रा) तशीच चालू ठेवली की व्हॉल्व्ह तर जातोच, पण जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोबत नेतो. व्हॉल्व्ह आजही नवा मिळतो, तसला ट्रान्सफॉर्मर भरून देणारा माणूस शोधायला मात्र चार जिल्हे फिरावे लागतील.

तुम्ही लिहिलंय ते मला असं कळलं: आजोबांचा वसमतला मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता, त्यातला एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर माळवदाच्या खोलीत पोत्याखाली सापडला, दोन मोठे ईएल३४ (स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व्ह) आणि दोन छोटे ईसीसी८३ (त्यांच्याआधी आवाज वाढवणारे) आहेत, लावला तर आवाज बारीक आणि चिरका, मागे घरघर, आणि पाच-सात मिनिटांत उजवीकडच्या ईएल३४ ची प्लेट लालबुंद होते, डावीकडचा शांत बसलेला असतो. तुमच्याकडे डिजिटल मल्टीमीटर आहे, व्हॉल्व्ह तपासायचा टेस्टर नाही, आणि विचारताय की घरी तपासता येतील का सरळ चारही नवे मागवून टाकू.

घरी तपासता येतात, बऱ्यापैकी येतात. पण चारही मागवायची घाई करू नका, कारण तुमच्या वर्णनावरून अजून हेच ठरलेलं नाही की गुन्हेगार व्हॉल्व्ह आहे का त्याच्या सॉकेटमागं बसलेलं दुसरं कोणी. मी हे काम शिकलो परभणीला एका उस्तादांच्या दुकानात. तिथं असताना एका गावच्या सप्त्यातला ॲम्प्लिफायर माझ्याकडं आला, असंच एक व्हॉल्व्ह लाल व्हायलं होतं, मी मोठ्या रुबाबात दोन्ही ईएल३४ नवे घातले, दहा मिनिटं गाणं वाजवून दाखवलं आणि पैसे घेऊन मोकळा झालो. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन रंगात आलेलं असताना परत तेच झालं आणि ह्या वेळी नवा व्हॉल्व्ह गेला. उस्ताद स्वतः माझ्यासोबत एसटीनं आले, बॅटरीच्या उजेडात दोन्ही व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवले, रिकाम्या सॉकेटला मीटर लावलं आणि मला म्हणाले, "वॉल तो बिचारा मार खा रहा है रे, मारनेवाला ये बैठा है." बोट होतं एका चॉकलेटी रंगाच्या कंडेन्सरवर, जो मी बघितलासुद्धा नव्हता. (जुने मेकॅनिक सगळे वॉलच म्हणायचे, व्हॉल्व्ह फक्त पुस्तकात.)

त्यामुळं मी सांगतो त्याच क्रमानं जा.

करंटबद्दल एकदाच सांगतो पण नीट ऐका. ह्या पेटीत ४०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जी आपल्याकडं फॅशन आहे ती करू नका, त्यानं कंडेन्सरही बिघडतो आणि डोळ्यासमोर ठिणगी आली की हात भलतीकडं जातो. १० किलोओहमचा १० वॅटचा रजिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना चांगली इन्सुलेशनवाली क्लिप लावा, कंडेन्सरच्या प्लस आणि चेसिसमध्ये दहा-वीस सेकंद धरा आणि मग मीटरनं बघा की व्होल्टेज वीसच्या खाली आलंय. चालू असताना मोजायचं तर मीटरची काळी वायर आधीच चेसिसला अडकवून ठेवा, लाल वायर एका हातात, दुसरा हात खिशात. पायात चप्पल, घरात अजून कोणीतरी जागं. आणि स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह घालून चालू करू नका, कधीच. हॉर्न नसेल तर ८ ओहमच्या टर्मिनलला ८ ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रजिस्टन्स लावा, शेजारचेही सुखी राहतात.

अजून एक, हे तुमच्या पेटीला लागू नाही पण हे वाचून कोणी जुना रेडिओ उघडेल म्हणून: आत यूएल८४, यूवाय८५ असे यू पासून सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर त्या सेटचं चेसिस थेट लाइनला जोडलेलं असू शकतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्याला हात लावू नका.

आता नुसतं बघायचं काम, मीटर बाजूलाच ठेवा. व्हॉल्व्ह थंड असताना सॉकेटमधून काढा, काच धरून हलवत नाही तर खालचा काळा बेस धरून सरळ वर ओढा, आणि खिडकीच्या उजेडात धरा. काचेच्या आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसेल, त्याला गेटर म्हणतात, बेरियमचा थर असतो, व्हॉल्व्हमध्ये चुकार राहिलेला वायू तो शोषून घेतो. डाग चकचकीत असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला कुठंतरी तडा जाऊन हवा आत गेली, तो व्हॉल्व्ह संपला, त्याला सॉकेटमध्येही घालू नका. कडेला तपकिरी होऊन डाग लहान होत चाललाय तर व्हॉल्व्हनं बरंच काम केलेलं आहे एवढाच अर्थ घ्यायचा, मेला असं नाही. मग पिना बघा. तीस वर्षं पोत्याखाली पडलेल्या व्हॉल्व्हच्या पिनांवर काळपट थर बसलेला असतोच, बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसा आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं स्वच्छ करा. सॉकेटची भोकं सुद्धा, टूथपिकला कापूस गुंडाळून. सॉकेटच्या पत्र्याच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर सुईनं किंचित आवळा. हसू नका, माझ्याकडं येणाऱ्या "व्हॉल्व्ह गेलाय" म्हणणाऱ्या पेट्यांत कित्येक नुसत्या एवढ्यावर बोलायला लागतात. सॉकेटमध्ये ग्रिडची (व्हॉल्व्हच्या करंटला लगाम घालणाऱ्या जाळीची) पिन टेकत नसेल तर ग्रिड लटकती राहते आणि व्हॉल्व्ह लाल होतो, तुमचं दुखणं एवढंसंच असू शकतं.

मग थंड मीटर-टेस्ट. पिना मोजायच्या खालून बघत, ईएल३४ च्या मधल्या खुंटीवरच्या उंचवट्यापासून (सॉकेटला तिथं खाच असते) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. वरून बघून मोजल्या तर सगळं उलटं होतं आणि माणूस डोकं धरून बसतो, नवीन पोरं ही चूक हमखास करतात. ईएल३४ चं फिलामेंट २ आणि ७ ह्या पिनांवर. गरम असताना ते ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर घेतं म्हणजे साधारण ४ ओहम, पण थंड असताना त्याच्या कितीतरी कमी, एक ओहमच्या आतबाहेर दाखवेल, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रजिस्टन्स त्यातून वजा करा. शॉर्ट आहे म्हणून घाबरू नका. काहीच दाखवत नसेल तर फिलामेंट तुटलं. बाकी कुठल्याही दोन पिनांमध्ये काही दिसायला नको: १ सप्रेसर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ कंट्रोल ग्रिड, ८ कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी नळी), सगळे एकमेकांपासून सुटे. ईसीसी८३ मध्ये ४ आणि ५ फिलामेंटची टोकं आणि ९ मधलं टोक, तर ९ पासून दोन्हीकडं सारखंच रीडिंग यायला पाहिजे.

ही टेस्ट पास झाली म्हणजे व्हॉल्व्ह चांगला असं मात्र नाही. कॅथोड जुना झालाय का, आत वायू सुटलाय का, गरम झाल्यावर ग्रिडची तार वाकून कॅथोडला टेकते का, ह्यातलं काहीही थंड व्हॉल्व्हवर मीटर लावून कळत नाही. उघड मेलेले बाजूला काढायला तेवढी ही टेस्ट.

इथून पुढं खरी गंमत, आणि ती व्हॉल्व्ह काढून ठेवूनच करायची.

ॲम्प्लिफायरला सिरीज बोर्डातून लाइन द्या, म्हणजे लाइनच्या एका वायरीत मध्ये बल्ब घालून, १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. (असे बल्ब कुठं मिळाले तर दोन-चार घेऊन ठेवा, आता दुकानात मागितले की दुकानदार आपल्याकडं बघत बसतो.) सगळे व्हॉल्व्ह काढलेले. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, फिल्टर कंडेन्सर नाहीतर मेन ट्रान्सफॉर्मर किंवा डायोड, तिथंच थांबा. तीस वर्षं पडून असलेले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी तर सरळ बदलतोच, त्यांच्याशी चर्चा करत नाही.

बल्ब मंद झाला की मीटर डीसीवर, काळी वायर चेसिसला, लाल वायर ईएल३४ च्या रिकाम्या सॉकेटच्या ५ नंबरला. आधी डावं, मग उजवं. हेच ते रीडिंग, ज्याच्यासाठी उस्ताद एसटीनं आले होते.

पण इथं एक गोष्ट तुमच्या सर्किटवर अवलंबून आहे. ८ नंबरची पिन कुठं जाते ते बघा. (बायस म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरून धरणारं, कॅथोडच्या मानानं ग्रिडवरचं मायनस.) सरळ चेसिसला जात असेल तर तुमची पेटी फिक्स्ड बायसची, म्हणजे ग्रिडला वेगळी मायनस सप्लाय दिलेली असते, आणि ५ नंबरवर मायनस तीस-चाळीस व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे, दोन्हीकडं जवळजवळ सारखं. (सिरीज बल्बमुळं थोडं कमी दिसेल, चालतं.) आणि ८ नंबर एखाद्या जाड, काही शे ओहमच्या वायरवाउंड रजिस्टन्समधून चेसिसला जात असेल तर कॅथोड बायस, म्हणजे त्या रजिस्टन्समधून जाणारा करंटच बायस तयार करतो, तिथं व्हॉल्व्ह नसताना ५ नंबरवर शून्य यायला पाहिजे.

फिक्स्ड बायसमध्ये दोन्हीकडं मायनस गायब असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह लाल झाले असते, तुमचा एकच होतो. तेव्हा माझा अंदाज असा की डावीकडं बरोबर दिसेल आणि उजवीकडं मायनस कमी झालेलं किंवा चक्क प्लस. व्हॉल्व्ह जागेवर नसताना ग्रिडवर प्लस येत असेल तर व्हॉल्व्हचा त्यात काय दोष? ते येतं मागच्या ईसीसी८३ च्या प्लेटकडून, मधल्या कपलिंग कंडेन्सरमधून झिरपून. त्या कंडेन्सरचं काम एवढंच की आवाज पुढं जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचं. जुना झाला, दमट हवा खाल्ली, की डीसी थोडंथोडं झिरपायला लागतं. थोडं म्हणजे किती ते बघा: मागच्या प्लेटवर २५० व्होल्ट, कंडेन्सरची गळती ५ मेगओहम, ग्रिडचा रजिस्टन्स २२० किलोओहम धरला तर ग्रिडवर साधारण साडेदहा व्होल्ट प्लस चढतात. मायनस ३६ चं मायनस २५ झालं की ईएल३४ चा करंट भरमसाठ वाढतो आणि प्लेट लाल. आणि तोच कंडेन्सर काढून मल्टीमीटरवर लावला तर चांगला दाखवतो, कारण मीटर त्याला दोन-चार व्होल्ट देतं आणि गळती उघडी पडते अडीचशे व्होल्टवर. म्हणून तर हा सापडत नाही आणि व्हॉल्व्हवर व्हॉल्व्ह बदलले जातात.

कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरड असेल बहुतेक, वर लिहिलेलं असतं. ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन आणा आणि दोन्ही बाजूंचे बदला, एक बदलून दुसरा ठेवण्यात काही शहाणपण नाही.

उजव्या सॉकेटवर प्लस नाही पण शून्यच आहे, मायनस अजिबात नाही, तर ग्रिडला बायस आणून देणारा रजिस्टन्स तुटलेला असेल. कधी कोणी आधीच्या मेकॅनिकनं २२० किलोच्या जागी हाताला लागला म्हणून १ मेग ठोकलेला असतो, ईएल३४ ला तो जास्त होतो आणि त्याचे भोग पुढं कळतात, खाली सांगतो.

आणि कॅथोड बायस असेल तर एक वेगळीच गंमत आहे, ही मात्र ध्यानात ठेवा. दोन्ही व्हॉल्व्हला मिळून एकच कॅथोड रजिस्टन्स असतो ना, त्यातला एक व्हॉल्व्ह मेला की त्या रजिस्टन्समधून जाणारा करंट अर्ध्यावर येऊ पाहतो, बायस कमी पडतं, आणि उरलेला व्हॉल्व्ह एकटाच ओझं ओढत लाल होतो. म्हणजे लाल झालेला तुमचा उजवा धडधाकट आणि जो डावा गुपचूप बसलाय तोच मेलेला! घरात सुद्धा असंच असतं म्हणा. तेव्हा ८ नंबरची पिन आधी बघा, उगीच चांगला व्हॉल्व्ह फेकून द्याल. तुमच्या आवाजाचा बारीकपणा आणि घरघर ह्याचाही संबंध इथंच आहे. दोन व्हॉल्व्ह सारखा करंट घेतात तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये सप्लायची घरघर एकमेकांना मारून टाकते, एक बाजू बिघडली की ती स्पीकरमध्ये ऐकू यायला लागते. म्हणून घरघर आली की लगेच फिल्टर कंडेन्सरच्या नावानं बोंब मारू नये, आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघावं.

एवढं सगळं ठीक झाल्यावर व्हॉल्व्ह घालायचे. त्याआधी, फिक्स्ड बायसची पेटी असेल तर, दोन्ही सॉकेटच्या ८ नंबरची चेसिसला गेलेली वायर सोडवा आणि मध्ये १० ओहम १ वॅटचा रजिस्टन्स सोल्डरचा डाग देऊन बसवा. १ नंबरची पिन ८ ला जोडलेली असते ती तशीच राहू द्या. आता हा रजिस्टन्स म्हणजेच तुमचा टेस्टर. त्याच्यावर जेवढे मिलिव्होल्ट येतील त्याला दहानं भागलं की मिलिअँपिअर. ३६० मिलिव्होल्ट दिसले तर ३६ मिलिअँपिअर. प्लेटवर, म्हणजे ३ नंबरवर, ४२० व्होल्ट असतील तर ०.०३६ गुणिले ४२० म्हणजे पंधरा वॅट. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटपर्यंत सोसते, काही आवाज न देता पंधरा-सतरा वॅटवर ठेवला की मजेत चालतो. (ह्यात स्क्रीनचा थोडा करंटही मोजला जातो, म्हणजे प्लेटवर खरं तर थोडं कमीच, आपल्या बाजूनं बरं.)

आता लोड जोडून, सिरीज बल्बातूनच आधी, मग बल्ब काढून, दोन्हीकडचं रीडिंग कागदावर लिहा. समजा डावीकडं ३४ आणि उजवीकडं ५५. बंद करा, थंड होऊ द्या, दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा, परत मोजा. ५५ व्हॉल्व्हसोबत डावीकडं गेलं तर व्हॉल्व्ह वेगळा आहे. ५५ उजवीकडंच राहिलं तर सॉकेटमागचं सामान. मी आजपर्यंत जेवढे टेस्टर वापरले त्यात ह्या अदलाबदलीइतकं सरळ उत्तर कोणी दिलेलं नाही, आणि ह्याला एक रुपया लागत नाही. दोन्हीत चार-पाच मिलिअँपिअरचा फरक असेल तर भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला काही फरक पडत नाही, त्याच्यामागं लागू नका.

दोन्ही बाजूंचं बायस ठीक आणि तरी एकाचा करंट दहा-बाराच मिलिअँपिअर? तो म्हातारा झालाय. कॅथोडच्या निकेलच्या नळीवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो, तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात, वर्षानुवर्षं वापरून ती ताकद कमी होते. तो मोठ्या आवाजाला चिरकेल पण पेट घेणार नाही, घरात बारीक आवाजात भजनं ऐकायला अजून पाच वर्षं काढेल.

आणि उलटा प्रकार: सुरुवातीला ३५, दहा मिनिटांनी ४२, वीस मिनिटांनी ५०, हळूहळू चढतच जातं, आणि अदलाबदल केली की चढ व्हॉल्व्हसोबत जातो. हा गॅसी. आत राहिलेल्या वायूचे आयन ग्रिडवर येऊन पडतात, तो नखाएवढा करंट ग्रिडच्या रजिस्टन्समधून जाताना ग्रिडला प्लसकडं ओढतो, करंट वाढतो, व्हॉल्व्ह अजून तापतो, अजून वायू सुटतो. ग्रिडचा रजिस्टन्स जेवढा मोठा तेवढी ही ओढ जास्त, म्हणून ते १ मेगवालं प्रकरण मी वर म्हणालो. हा व्हॉल्व्ह ठेवू नका. तुमचा पाच-सात मिनिटांनी लाल होतो असं लिहिलंय म्हणून मला गॅसचीही शंका आहेच, पण कंडेन्सर तापूनही गळती वाढते, तेव्हा मोजल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

निळा प्रकाश दिसला तर लोक घाबरतात. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला गडद निळा उजेड, आवाजासोबत हलणारा, हा काही दोष नाही, चांगल्या व्हॉल्व्हलाही असतो आणि अंधारात फार देखणा दिसतो. प्लेटच्या आत, कॅथोडजवळ, जांभळट-गुलाबी धुक्यासारखं दिसलं तर मात्र तो गॅस.

छोट्या ईसीसी८३ चं फार मनावर घेऊ नका, हे क्वचित मरतात. प्लेटला १०० किलो, कॅथोडला दीड किलो आणि सप्लाय २५० असेल तर प्लेटवर साधारण १६५ व्होल्ट आणि कॅथोडवर १.३ व्होल्टच्या आसपास आलं की तो काम करतोय. प्लेटवर पूर्ण सप्लाय आणि कॅथोडवर शून्य, तर झोपलाय. चालू असताना पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलकेच टिचकी मारा, स्पीकरमध्ये घंटेसारखा टणत्कार आला तर तो मायक्रोफोनिक, त्याला पहिल्या जागेवरून काढून पुढच्या जागी घाला, तिथं खपून जातो.

ह्या सगळ्यात लाइन व्होल्टेजचं भान ठेवा, पुण्या-मुंबईचे लोक हे सांगत नाहीत कारण त्यांना ते भोगावं लागत नाही. शेतीपंपाची लाइन चालू असताना आपल्याकडं खेड्यात १८० मिळतात, पंप बंद झाले की तीच लाइन २५० च्या वर जाते. सगळे आकडे तिच्यासोबत वरखाली होतात. दुपारी १८० वर बायस लावून तुम्ही खुश व्हाल आणि रात्री अकराला प्लेट लाल. प्रत्येक रीडिंगच्या शेजारी त्या वेळचं लाइन व्होल्टेज लिहा, आणि मेन ट्रान्सफॉर्मरला २२०, २३०, २४० असे टॅप असतील तर सगळ्यात वरच्या टॅपवर ठेवा.

टेस्टर विकत घेऊ का असंही विचारलंय. एका पेटीसाठी नको. साधा एमिशन टेस्टर फक्त कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात का एवढंच बघतो, तेही कमी व्होल्टेजवर, चारशे व्होल्टवर तास-दोन तास चालल्यावर गॅस सुटतो का हे त्याच्या बापाला कळत नाही. एव्होचा व्हॉल्व्ह कॅरॅक्टरिस्टिक मीटर किंवा हिकॉक असला तर गोष्ट वेगळी, ते ट्रान्सकंडक्टन्स मोजतात, म्हणजे ग्रिडचं व्होल्टेज हललं की प्लेटचा करंट किती हलतो ते, पण तो स्वतःच सत्तर वर्षांचा म्हातारा असतो, त्याचंच आधी रिपेअर करावं लागतं.

मोजून झाल्यावर ईएल३४ घ्यावेच लागले तर दोन घ्या, मॅच्ड जोडी, म्हणजे सारखा करंट घेणारे. स्लोव्हाकियाचे जेजे, रशियन, चायनीज सगळे नवे बनतात. जुना माल शोधायचा तर वसमतहून तुम्हाला हैदराबादचं कोटी मार्केट सोयीचं, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बेंगळुरूच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) व्हॉल्व्ह १९६० च्या दशकापासून आपल्याकडच्या रेडिओ-ॲम्प्लिफायरमध्ये भरपूर असायचे, न वापरलेले मिळाले तर डोळे झाकून घ्या. मला एका दुकानदारानं "नवेकोरे" म्हणून बीईएलचे दिले होते, खोकं नवं, छपाई नवी, पिनांवर मात्र सॉकेटमध्ये शंभरदा घातल्याचे उभे चरे. तेव्हापासून मी खोकं बघतच नाही, पिना बघतो.

तर आता एवढं करा: ८ नंबरची पिन कुठं जाते ते, आणि व्हॉल्व्ह काढून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरवरचं व्होल्टेज, प्लस का मायनस ते चिन्हासकट, एवढं लिहून पाठवा. चेसिसचा खालून काढलेला एक फोटो पण, कंडेन्सरवरची अक्षरं दिसतील असा. तोपर्यंत चारही व्हॉल्व्ह काढून गव्हाच्या नाही तर कपड्यांच्या पेटीत ठेवा, उंदीर असतील घरात.